विसळायचं पाणी

रिन्स हा शब्द मला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरने ऐकवला. मी डहाणूला दाढ काढायला गेले होते. डॉक्टर म्हणजे कोवळी पोरगी, पण हाताला जोर होता. दाढ निघाली, तोंड रक्ताने भरलं, आणि ती म्हणते, "आजी, रिन्स करा."

मी तोंड मिटून तिच्याकडे बघत बसले.

"रिन्स करा ना, आजी."

तोंड भरलेलं असताना 'म्हणजे काय' असं विचारता येत नाही. शेवटी बाजूला उभी असलेली मदतनीस बाई म्हणाली, "मावशी, चूळ भरा, चूळ!" मी चूळ भरली, थुंकले आणि म्हटलं, "एवढंच होतं तर आधी सांगायचं. उगाच रक्त गिळायला लावलं." डॉक्टर हसली. मला काही हसू आलं नाही.

घरी येऊन सुनेला सांगितलं. सून बारावी शिकलेली आहे, तलासरीला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. तिने डॉक्टरचीच बाजू घेतली.

"बरोबर बोलली ती. रिन्स म्हणजे चूळ भरणं."

"बरं."

"भांडी विसळतो ना, ते पण रिन्स. कपडे खळबळणं पण रिन्स. तांदूळ धुतो ते पण."

"आणि बोंबील धुते ते?"

"ते पण."

"केसांना शिकेकाई लावून वरून पाणी घेते ते?"

"ते तर रिन्सच, आई."

मी म्हटलं, इंग्रजांना पाणी कधी कमी पडलं नसेल, शब्द मात्र पडले. तांब्या विसळताना पाणी आत गोल फिरवून भिरकावून द्यायचं असतं. साडी खळबळताना दोन्ही हातांनी धरून पाण्यात पुढे-मागे ओढायची असते. तांदळात बोटं फिरवायची, पण जोर करायचा नाही, नाहीतर कणी होते. ताज्या बोंबलाला तर हात लागला न लागला असं करावं लागतं, जरा दाबला की त्याचा लगदा. ही सगळी निरनिराळी कामं आहेत. त्यांना एकच शब्द लावायचा म्हणजे घरातल्या सगळ्या माणसांना 'ए' म्हणून हाक मारण्यासारखं आहे. कुणी ओ द्यायची?

सून म्हणाली, "तुम्हाला कुठे इंग्रजी बोलायचंय? सोडून द्या."

सोडून दिलं असतं. पण पुढे तो शब्द घरात येऊन बसला आणि माझ्या मोगऱ्यावर उठला.

आमचा पाडा आशागडच्या आत, रस्त्यापासून जरा लांब. पाडाभर नळ आहेत, पण उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते पिण्याधुण्यापुरतंच. होळी झाली की आम्ही पाणी जपून वापरायला लागतो. जपून म्हणजे कमी नव्हे. तेच पाणी पुन्हा वापरायचं. मी या घरात आले तेव्हा सासूने पहिल्या आठवड्यात जे शिकवलं त्यात स्वयंपाक नव्हता, पाणी कुठे ओतायचं ते होतं. तांदळाचं धुवण कोंबड्यांच्या भांड्यात. मासळीचं पाणी शेवग्याच्या बुंध्याला. भांड्यांचं खरकटं पाणी केळीला. कपड्यांचं पहिलं पाणी, साबणाचं, ते दगडांवर, वाटेत, कुठेही, पण झाडाला नाही. दुसरं पाणी, जरा गढूळ, ते केळीला चालतं. आणि तिसरं, अगदी शेवटचं विसळायचं पाणी, ते फुलझाडांना. एकदा मी चुकून पहिलं पाणी तगरीला ओतलं, तर सासूने ओली बादली माझ्या पायाशी आपटली होती. शिकवायची तिची पद्धत तशी होती. पुन्हा चूक झाली नाही.

म्हणून आमच्याकडे विसळणं म्हणजे नुसतं भांडं किंवा कपडा स्वच्छ करणं नाही. पाणी त्याच्या जागी गेल्याशिवाय विसळणं संपत नाही.

न्हाणीच्या मागे माझा मोगरा आहे. तो मी लावला. नवरा गेल्यावर त्या जागी पोराला मोटरसायकलसाठी शेड बांधायची होती, मी बांधू दिली नाही. दोन ओळी आहेत, चांगल्या दाट. उन्हाळा लागला की कळ्या धरतात. उजाडायच्या वेळी, कळी मिटलेली असताना, मी ती खुडते, ओल्या फडक्यात बांधते आणि आशागडच्या नाक्यावर फुलवाल्याला नेऊन देते. तो कळ्या गाडीने पुढे पाठवतो. त्यातून मला जे मिळतं त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या येतात, मिशरी येते, डहाणूला जायचं रिक्षाचं भाडं येतं. फार काही नाही. पण त्यासाठी मला पोराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ज्या बाईला मिशरीसाठीही पोराकडे मागावं लागतं तिची काय दशा होते ते मी शेजारी, माझ्या धाकट्या जावेकडे, रोज बघते. तिचा पोरगा वाईट नाही. पण आधी 'कशाला हवंय' असं विचारतो, मग देतो.

आणि उन्हाळ्यात हा मोगरा जगतो तो फक्त कपडे विसळलेल्या पाण्यावर. याशिवाय वेगळं पाणी त्याला मी देऊ शकत नाही.

सून पहाटे कंपनीच्या बसला जाते, त्यामुळे घरचे कपडे मीच धुवायची. गेल्या वर्षी धुण्याच्या दगडावर पाय घसरून माझा गुडघा सुजला. तेवढ्यावरून सुनेने मशीन आणलं. पोरगा टेम्पो चालवतो, चारोटीहून त्याच टेम्पोत घालून घेऊन आला. पाड्यातल्या बाया बघायला आल्या. जाऊ दारातूनच म्हणाली, "आता काय बाई, राणीसारख्या बसा. आमचा दगड आम्हाला बरा."

"तुला बसायला नको म्हटलंय का कुणी?" मी म्हटलं. "ये, बस. मशीन फिरताना बघ. पैसे नाही घेणार."

पोराने न्हाणीच्या भिंतीला भोक पाडलं, मशीनचा पाणी सोडायचा पाईप त्यातून मागे काढला आणि मोगऱ्याच्या आळ्यात नेऊन सोडला. हात पुसत मला म्हणाला, "आई, बघ, तुझ्या मोगऱ्याला थेट पाणी. बादली उचलायला नको."

मलाही ते पटलं. या घरात वाढलेल्या कुणालाही ते पटलं असतं. धुण्याचं पाणी मोगऱ्याला, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत आलो. कुठलं पाणी, हे मी हाताने करत होते, म्हणून कुणाला विचारायची वेळ आली नव्हती. माझा हात कामातून बाजूला झाला आणि ते कुठलं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही. सुनेचा तर प्रश्नच नाही. तिच्या माहेरी, तलासरीकडे, कालवा वाहतो. वाहत्या पाण्यात कपडा धरला की झालं, पाणी कुठे गेलं ते कालव्याने बघायचं.

होळीनंतर मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली.

आधी खालची पडली. मला वाटलं, ऊन. मग वरची पडायला लागली. कळ्या धरायच्या आणि वाटाण्याएवढ्या होण्याआधीच गळायच्या. फडक्यात बांधायला मूठभर कळ्या निघेनात. फुलवाला फडकं उघडून म्हणाला, "आजी, हे काय? देवाला वाहायला आणलंय का?"

आता ज्याला त्याला कारण माहीत. जाऊ म्हणाली, नजर लागली, बाया बघायला आल्या होत्या ना, लिंबू-मिरची बांधा. मी म्हटलं, "आलेल्यांत तूच जास्त वेळ बघत होतीस." ती दोन दिवस बोलली नाही. पोरगा दुकानातून कसली तरी पिवळी पूड घेऊन आला आणि माझ्या देखत झाडांवर उडवली. त्याने पानं आणखी मलूल झाली. मी सुनेवर घसरले.

"तुझी ती पावडर. किती टाकतेस? चमचा ठेवलाय कशाला त्यात?"

"मोजूनच टाकते, आई."

"मग झाड का मरतंय?"

"मला काय माहीत? मी झाड धुते का?"

ही सून मला आवडते ती अशा उत्तरांसाठीच, पण त्या दिवशी नाही आवडली. मी म्हटलं, "तुम्ही दोघं मिळून माझा मोगरा उपटा आणि तिथे शेड बांधा एकदाची. मनातलं होऊ दे." ती उठून आत गेली. जेवणही नीट केलं नाही तिने. माझा पण घास उतरला नाही, पण मी ते दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशरी लावून न्हाणीमागे बसले होते. सून जाताना लावून गेलेलं मशीन घरात चालू होतं. पाईप गुरगुरला आणि त्यातून पाणी आलं. पाणी कसलं, फेस. उतू गेलेल्या दुधासारखा पांढरा फेस आळ्यात पसरला आणि सगळा मातीत मुरला. मी काठीने माती उकरली. वरची माती पांढुरकी, खारवलेली, मिठागराच्या कडेला असते तशी. हाताला बुळबुळीत. मी तिथेच कपाळावर हात मारला. पहिलं पाणी. इतके दिवस माझ्या मोगऱ्याला पहिलं पाणी पाजलं जात होतं, आणि मी शेजारी बसून मिशरी लावत होते.

संध्याकाळी सून बसमधून उतरून अंगणात येते न येते तोच मी सुरू झाले.

"हे विसळायचं पाणी नाही. हे साबणाचं पाणी आहे."

"अहो, शेवटी रिन्सचंच येतं ना."

"शेवटी येतं. आधी काय येतं?"

ती थांबली. खांद्यावरची पर्स तशीच. मग म्हणाली, "वॉशचं."

"आणि दोन्ही कुठे जातात?"

"एकाच पाईपातून."

"मग!"

तिने पर्स ठेवली आणि मला मशीनपाशी नेलं. तिथे वर चार बारीक दिवे आहेत. प्रत्येकाशेजारी इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. हा सोक, म्हणजे भिजवायचं. हा वॉश. हा रिन्स. हा स्पिन, म्हणजे पिळायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. मी म्हटलं, "मला वाचून दाखवू नको. कितवा ते सांग." तिसरा. तिसरा दिवा लागला की रिन्स. तोवर पाईप दगडांवर सोडायचा, तिसरा दिवा लागला की उचलून मोगऱ्यात. सोपं होतं. ती बोलताना मला पुन्हा सासूची ओली बादली आठवली. सासूने एवढे दिवे लावले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सून मशीन लावून बसला गेली. मी समोर बसून राहिले. मशीन भिजवत होतं, घुसळत होतं, थांबत होतं. आमच्या कोंबड्या पण इतका वेळ एका जागी बसत नाहीत. शेवटी तिसरा दिवा लागला. मी सुजलेला गुडघा घेऊन मागे गेले, पाईप उचलला, मोगऱ्यात सोडला.

फेस.

मी पाईप ओढून बाहेर टाकला, पण तोवर आळं पांढरं झालं होतं. मी सुनेला फोन लावला. तिची चहाची सुट्टी चालली होती, मागे बायांचा कालवा ऐकू येत होता.

"तिसरा दिवा लागलाय आणि फेस येतोय."

"रिन्सवर आहे ना दिवा?"

"दिवा पण आहे, फेस पण आहे. तू ये आणि बघ."

"अहो, आधी ते घाण पाणी सोडत असेल. मग नवीन घेईल, मग रिन्स करेल."

"मग दिवा आत्ताच कशाला लावतं? नवीन पाणी घेतल्यावर लावावा."

"ते मी काय सांगू? मी बनवलंय का मशीन?"

मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं गो? सासूबाई का?" आणि ही म्हणाली, "काही नाही, रिन्स चाललंय." सगळ्या जणी हसल्या. मी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी मला तो शब्द नीट कळला, आणि कळला म्हणून आणखी राग आला. दिवा लावून सांगायचं की विसळतोय, आणि करायचं काय, तर घाण पाणी सोडायचं. आमच्याकडे कुणी असं विसळलं असतं तर तिला पुन्हा दगडावर बसवलं असतं.

रविवारी सुनेला सुट्टी होती. ती स्वतःहूनच म्हणाली, "चला, आज दोघी बसू." पोराने आळ्यातली वरची माती खरवडून काढली, नवीन माती टाकली, मेलेल्या फांद्या मी छाटल्या. मग सुनेने मशीन लावलं आणि आम्ही न्हाणीमागे बादल्या उपड्या घालून त्यांवर बसलो. पाईप दगडांवर. फेस आला, गेला. पाणी थांबलं. पुन्हा मशीन भरल्याचा आवाज आला, पुन्हा घुसळलं, पुन्हा पाणी आलं. या वेळी फेस नव्हता.

"झालं, टाका मोगऱ्यात," सून म्हणाली.

"थांब."

मी पाईपाच्या तोंडाखाली हात धरला आणि बोटं एकमेकांवर घासली. बुळबुळीत. अजून साबण होता, दिसत नव्हता एवढंच. केळीचं पाणी. मी पाईप केळीकडे वळवला. सुनेनेही हात धरून बघितलं आणि मान हलवली. मग पुन्हा मशीन भरलं, घुसळलं आणि पुन्हा पाणी आलं. मी हात धरला. बोट बोटावर अडकलं, करकरलं. तेच ते तिसरं पाणी.

"आता," मी म्हटलं.

तिने पाईप उचलून मोगऱ्यात ठेवला. पाणी आळ्यात उतरताना आम्ही दोघी बघत बसलो. ती म्हणाली, "आई, शेडचं बोललात ना, ते मला लागलं."

"लागू दे," मी म्हटलं. "बोलायला नको होतं."

"एवढंच?"

"अजून काय? चहा टाक."

कडेची काही झाडं गेलीच. ती मी उपटून चुलीत घातली. बाकीच्यांना हळूहळू नवी हिरवी फूट आली, मग कळ्या. पहिल्यासारख्या नाहीत, पण फडकं बांधायला पुरतात.

आता माझा दिवस असा असतो. ज्या मशीनमुळे मी राणीसारखं बसून राहायचं होतं, त्या मशीनपुढे मी पाईप धरून उभी असते, हट्टी बकरीचं दावं धरल्यासारखी. पाईप दगडांवर, मग केळीला, मग मोगऱ्याला, आणि प्रत्येक वेळी हात खाली. दिव्यावर माझा विश्वास नाही. सून सोक लांब लावून ठेवते, कारण तेवढ्या वेळात मला नाक्यावर जाऊन यायचं असतं. कंपनीतून फोन करून विचारते, "आई, रिन्स आलं का?" तिच्या मैत्रिणीही विचारतात म्हणे. जाऊ भिंतीपलीकडून विचारते, "काय बाई, राणीसरकार, झालं का राज्य धुऊन?" मी म्हणते, "तू ये, तुला पाईप देते. बसल्या जागी राणी होशील."

परवा मी कळ्या घेऊन नाक्यावर गेले. फुलवाल्याने फडकं उघडलं, हातात वजन घेतलं आणि म्हणाला, "आता जरा बरं आहे, आजी. मधे काय झालं होतं?"

"धुतलं होतं त्याला," मी म्हटलं. त्याला कळलं नाही, मी सांगितलंही नाही. पैसे कमरेला लावले, गोळ्या घेतल्या, मिशरीची पुडी घेतली. परतायला रिक्षात बसले, तर रिक्षावाला आणखी गिऱ्हाइकासाठी थांबलेला. चार माणसं झाली तरी हलेना.

"चल रे," मी म्हटलं. "माझं रिन्स निघून जाईल."

"काय निघून जाईल, आजी? गाडी आहे का स्टेशनला?"

"तुला नाही कळायचं. चल, रिकाम्या जागेचं भाडं मी देते."

त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग रिक्षा सुरू केली. जास्तीचे पैसे मी कमरेचे काढून दिले आणि उतरल्यावर गुडघ्याकडे न बघता घराकडे चालायला लागले. मशीन आतून भरत असल्याचा आवाज अंगणातच ऐकू आला. दुसरं की तिसरं, ते हात लावल्याशिवाय सांगता येत नव्हतं.